एक झावळी बाकी

जैतूनचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मी वाचनालयातून आणलेलं पुस्तक परत करायला निघाले होते. माझ्या वर्गात असताना तिचं अक्षर डावीकडे कलायचं, ते अजून तसंच आहे. ख्यालीखुशालीच्या चार ओळींनंतर तिनं लिहिलं होतं, 'पाळकसाहेब मागच्या शुक्रवारी गेले. भिंतीवरची एक झावळी बाकी आहे. फाटक उघडं आहे.'

मी ते कार्ड उंबऱ्यातच दोनदा वाचलं आणि पुस्तकात ठेवलं. पुस्तक परत करायचं राहून गेलं. त्यानंतर रोज थोडं थोडं हे लिहिते आहे. मला भराभर लिहिता येत नाही, आणि या माणसाबद्दल तर नाहीच येणार.

देऊळघाटच्या मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. एका तेल्याच्या घराची माडी मला भाड्यानं मिळाली. खिडकी उघडली की समोर एक लांब भिंत दिसायची. भिंतीच्या आत ख्रिस्ती मंडळीचं लहानसं उपासनामंदिर, दहा-बारा घरं आणि एक बारमाही विहीर. भिंतीच्या बाहेर बोळ, आणि बोळाच्या टोकाला मुसलमानांचा मोहल्ला नि मशीद. भिंतीच्या एका टोकाला लाकडी फाटक होतं. मी गेले तेव्हा त्याला कुलूप होतं.

कुलपाची हकिकत मला पहिल्याच आठवड्यात कळली. मोहल्ल्यातली विहीर उन्हाळ्यात आटायची, म्हणून तिथल्या बायका पूर्वीपासून या आतल्या विहिरीवर यायच्या. एका उन्हाळ्यात पाळीवरून भांडण झालं. ढकलाढकलीत कुणाची तरी घागर रूथबाईंच्या कपाळावर बसली. चार टाके पडले. घागर कुणाची होती ते कधीच ठरलं नाही. रूथबाईंचे यजमान भालेराव दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मंडळीचे मुख्य पंच. टाके त्यांनीच घातले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. तेव्हापासून मोहल्ल्यातल्या बायका उन्हाळाभर नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणून वाटी-वाटीनं पाणी भरत होत्या.

शमुवेल साळवे पाळक म्हणून आले ते या कुलपानंतर. त्यांना सगळे पाळकसाहेब म्हणत, मोहल्ल्यात पादरीसाब. उंच होते, पण मान पुढे काढून चालायचे, त्यामुळे उंची लक्षात यायची नाही. बाराही महिने काखेत छत्री. ती उघडलेली मी एकदाही पाहिली नाही, कारण तिच्या घडीत कुंचले असत. शिंदीचा फोक तोडायचा, टोक दगडानं ठेचायचं, दातांनी विंचरायचं, झाला कुंचला. रंग तसेच घरचे: चुना, गेरू, नीळ, काजळी, हळद आणि बाभळीचा डिंक. रंग जमला की नाही हे ते पांढऱ्या कोटाच्या डाव्या बाहीवर पाहत. रविवारी त्याच कोटानं उपासना घ्यायला उभे राहत. हात वर केला की लेकरं बाहीकडे बघत आणि आठवडाभर काय काय रंगवलं ते ओळखत.

त्यांना गाता येत नव्हतं. गीत सुरू झालं की ते नुसते ओठ हलवत. आणि त्यांचा उजवा हात थरथरायचा. रेघ सरळ म्हणून येत नसे. 'देवानं मले चित्र काढाची हौस देल्ली अन् हात दुसऱ्याचा देल्ला,' असं ते हसत सांगायचे.

आणखी एक सवय म्हणजे 'बाकी आहे.' जेवलात का विचारलं तर 'अर्धं झालं, बाकी आहे.' पत्र टाकलं का, तर 'बाकी आहे.' रविवारचं प्रवचन ऐन रंगात आलं की थांबत, घड्याळाकडे बघत आणि म्हणत, 'बाकी पुढच्या रविवारी.' भालेरावांना याची चीड यायची. ते माप टाकून औषध देणारे गृहस्थ. त्यांना गोष्टी पुऱ्या झालेल्या आवडत.

नाताळाच्या आधी भिंतीला चुना द्यायची त्यांच्यात पद्धत होती. त्या वर्षी चुना वाळल्यावर पाळकसाहेब बोळाच्या बाजूला स्टूल घेऊन बसले. चार दिवस मी खिडकीतून बघत होते. मोठी नाव तयार झाली, निळ्या लाटा, वर काळे ढग, आणि नावेच्या टोकाशी पागोटं घातलेला, दाढीवाला एक म्हातारा. तो नोहा. मंडळीच्या शास्त्रातला, आणि मोहल्ल्याच्या शास्त्रातलाही. मुद्दाम दोघांना पूज्य असलेला माणूस निवडला तर बोळातून जाणाऱ्याला बरं वाटेल, दोन शब्द निघतील, असा त्यांचा हिशेब.

शुक्रवारी दुपारी नमाजाला निघालेली माणसं भिंतीपाशी थबकली. गर्दी झाली. कुणीतरी मोठ्यानं बोललं. मग गर्दीतून एकटे उस्मानचाचा पुढे आले. उस्मानचाचा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. मोहल्ल्यात त्यांचा शब्द चालायचा.

"पादरीसाब, ये कौन?"

"नोहा. तुमचे नूह नबी. आपल्या दोघाइचे, म्हनून तर घेतले."

"इसीलिए तो नको ना, साब." चाचा हळू आवाजात बोलत होते. "तुमी तुमचा कोनी संत काढला असता, त आमाले काय? तुमचा संत, तुमची भित. पन नबीची तसवीर आमच्यात चालत नाई. पोरं भडकले हायेत. मी त्याइले हात जोडून थांबवलं." मग त्यांनी चित्राकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. "अन् वरतून दाढी मेरी लगाई!"

ते खरं होतं. पाळकसाहेबांनी रोज पाहिलेली दाढी ती एकच.

पाळकसाहेब भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "चुकलं माझं." स्टुलावर चढले आणि चुन्याच्या बादलीत कुंचला बुडवून त्यांनी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापासून सुरुवात केली. चार दिवसांचं काम चार मिनिटांत गेलं. नाव तेवढी राहिली.

तोवर आतून भालेराव धावत आले.

"पाळकसाहेब, हे काय करून राह्यले? आज नोहा पुसला, उद्या क्रूस पुसान!"

"नोहा नावंतच हाये, भालेराव. आत बसला."

"आत?"

"पाऊस पडून राह्यला ना चाळीस दिवसाचा. म्हातारा मानूस. बाहेर काऊन बसंल?"

पहिले हसले ते उस्मानचाचा. मग मागची दोन-तीन माणसं. भडकलेल्या पोरांपैकी एकानं विचारलं, "अन् जनावरं?" तर पाळकसाहेब म्हणाले, "तेबी आत. आवाज येत नाई काय?" भालेराव हसले नाहीत. ते वळून आत गेले.

जाता जाता चाचांनी नावेवर बोट ठेवलं. "पन साब, नाराज नका होऊ. ये नाव है के गुळाची कढई?"

आमच्या बुलढाण्याकडे समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. पाळकसाहेबांनीही नाही. ते प्रांजळपणे म्हणाले, "मले कढईच माहीत हाये, चाचा."

दुसऱ्या दिवशी उस्मानचाचा सुताचा गुंडा आणि गेरूची वाटी घेऊन आले. रजईवर टाके घालण्याआधी पिंजारी गेरूत भिजवलेलं सूत कापडावर ताणतो, मध्ये चिमटीत धरून सोडतो, आणि सरळ रेघ उमटते. चाचांनी तेच भिंतीवर केलं. सुताचं एक टोक पाळकसाहेबांच्या थरथरत्या हातात, दुसरं त्यांच्या. फट् आवाज झाला आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी रेघ आली. पाळकसाहेब त्या रेघेकडे इतके बघत राहिले की चाचा म्हणाले, "रेघच हाये, साब. इसमे क्या?" मग रेघेच्या आत रजईच्या काठाची वेल आली. नावेची कढई जराशी नाव झाली.

कामाला पाणी लागत होतं. पाणी आत, भिंत बाहेर आणि मध्ये कुलूप. मंदिराच्या दारानं गावाला वळसा घालून बादली आणावी लागे. पाळकसाहेबांनी पंचांच्या बैठकीत एवढंच मागितलं, की चित्राचं काम चालू आहे तोवर फाटक उघडं असावं. भालेरावांनी तसं वहीत लिहून घेतलं, 'भिंतीवरील चित्राचे काम पूर्ण होईपर्यंत'. त्यांना वाटलं, आठ दिवस. किल्ली करगोट्यावरून सुटली.

आणि काम काही पूर्ण होईना.

ही अट मला तेव्हा माहीत नव्हती. मंडळीतली माणसं बाहेरच्याजवळ आपल्या पंचांचं बोलत नसत, आणि मोहल्ल्यात ज्यांना माहीत होतं ते तर मुळीच बोलत नसत. मला खिडकीतून एवढंच दिसायचं, की फाटक उघडं आहे, उन्हाळा लागला की मोहल्ल्यातल्या बायका घागरी घेऊन आत जातात, आणि पाळकसाहेब एक चित्र संपत आलं की दुसरं मांडून ठेवतात. नावेच्या शेजारी याकोबाची विहीर आली. विहिरीचा दोर अजून बाकी, तर तिच्या पलीकडे मोशाची काठी. माणूस कुठेच नाही. काठी दगडाला टेकून ठेवलेली, दोर काठावर ओला. बघताना वाटायचं, कुणीतरी आत्ता इथून उठून गेलं आहे आणि येईलच.

एक-एक वस्तू काढण्याआधी ते महिना-महिना चौकशी करत. मशिदीच्या पायरीवर बसून विचारत, काठी कशाच्या लाकडाची? तुमच्याकडे काय सांगतात? मग घरी येऊन आपलं शास्त्र उघडत. दोन्हीकडे वेगळं निघालं तर त्यांना आनंद व्हायचा. तेवढीच चौकशी लांबायची.

तिसऱ्या वर्षी खजुरीचं झाड आलं. मोहल्ल्याच्या शास्त्रात मरियमला कळा लागल्या तेव्हा ती खजुरीच्या बुंध्याशी बसली. बुंधा हलवला, पिकला खजूर खाली पडला, पायाखालून पाण्याचा झरा निघाला. भालेराव म्हणाले, आमच्या शास्त्रात खजुरी नाही, गव्हाण आहे. पाळकसाहेब म्हणाले, गव्हाणबी काढू, सावलीले ठेवू.

विहिरीवर मात्र वाद पेटला. मी माझी कळशी घेऊन तिथेच होते. एकीकडे उस्मानचाचांच्या घरच्या खैरूनखाला, दुसरीकडे रूथबाई. कपाळावरची खूण पदराखाली झाकलेली.

रूथबाई म्हणाल्या, "अवघडलेली बाई झाड हलवंल काय व्हो? मानसाले हलत नाई ते."

"तुमाले किती?"

"दोन."

"मी सात काढले," खैरूनखाला घागर खाली ठेवून म्हणाल्या. "सातव्याच्या वक्ती मी पलंगाचा पाय उपटला. पूछो हमारे मियाँ को. खजुरीचं काय घेऊन बसल्या?"

रूथबाई इतक्या हसल्या की पदर पडला. खूण दिसली. हसणं तिथेच थांबलं. खैरूनखालांनी दोन बोटांनी ती खूण चाचपली, जखमेला हात लावतात तशी. "अजून दुखते?"

"थंडीत."

 रूथबाईंची घागर खैरूनखालांनी आपल्या हातानं शेंदून भरली. मी माझी कळशी भरून वर आले.

खजुरी फाटकालगत होती. तिच्यापुढे भिंतच संपत होती. गव्हाण झाली, झरा झाला, बुंधा झाला. झावळ्या मात्र फार सावकाश येत होत्या. भालेराव रोज सकाळी दवाखान्यात जाताना मोजून बघत. वरच्या कचेरीला त्यांनी पत्र लिहिलं होतं, की पाळकांना भिंतीपुढे मंडळी दिसत नाही, यांची बदली करावी. उत्तर यायचं होतं. चैत्राच्या शेवटी एकच झावळी उरली. डावीकडची. तिच्या जागी नुसता पांढरा चुना.

"झालं काय?" भालेराव विचारत.

"एक झावळी बाकी हाये."

वैशाखात पाळकसाहेबांना खोकल्यातून रक्त पडलं. त्यांना बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. तीन आठवडे ते नव्हते. कुंचले छत्रीत, छत्री खुंटीला. खिडकीतून मला रोज ती पांढरी जागा दिसायची. सोमवारी ते परत येणार असं कळलं आणि माझ्या मनात आलं, बिचाऱ्यांचा हात थरथरतो, म्हणून ती झावळी राहिली असेल. मी चित्रकलेची परीक्षा दिलेली होती. त्यांच्यासाठी एवढं तरी करावं.

रविवारी दुपारी बोळात चिटपाखरू नव्हतं. दारं बंद, उन्हानं भिंत तापलेली. मी नीळ आणि हळद कालवून हिरवा केला आणि अर्ध्या तासात झावळी काढली. चांगली आली. दोन पावलं मागे जाऊन मी ती बघितलीसुद्धा. नंतर माडीवर येऊन पुस्तक वाचत पडले. फार समाधान वाटत होतं.

सकाळी गलक्यानं जाग आली. खाली फाटकापाशी घागरी घेतलेल्या बायका उभ्या होत्या. फाटक लावलेलं होतं. भालेराव बाहेरच्या बाजूला, हातात कुलूप. ते ओरडत नव्हते. शांतपणे म्हणत होते, "लिहेल हाये. काम पूर्ण होईपर्यंत. झालं पूर्ण. मी काय करू?"

मी खाली गेले. खैरूनखाला झावळीकडे बघत होत्या. "किसने किया ये?"

"मी केलं."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. खैरूनखालांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चांगलं केलं, बाई," त्या म्हणाल्या. "लय चांगली काढली. आता ह्या लेकरवाळ्याइले संग घेऊन तुमीच चाला झिऱ्यावर." मग जैतूननं, त्या वेळी सातवीत होती ती, मला बाजूला ओढून दोन वाक्यांत अट सांगितली. 

तेवढ्यात एस.टी.तून उतरून पाळकसाहेब बोळात आले. ते आणखी वाकले होते. कोट अंगावर लोंबत होता आणि दवाखान्यात कुणीतरी बाही धुऊन पांढरी केली होती. ते घरी गेले नाहीत. गर्दी बघून सरळ फाटकाशी आले. कुलूप पाहिलं, घागरी पाहिल्या, मग भिंत.

"कोनी काढली?"

मी मान वर केली नाही. "मी, पाळकसाहेब. मला माहीत नव्हतं."

ते जवळ गेले, बोटानं हिरवी रेघ चाचपली. "हात चांगला हाये तुमचा. माझ्यापेक्षा चांगला." मग म्हणाले, "पन जरा चुकली, बाई. खजुरीची झावळी इतकी सरळ नसते." त्यांनी खिशातून रुमाल काढला. "पुसा लागते. पानी पायजे."

 पाणी फाटकाच्या आत होतं, आणि फाटकासमोर भालेराव उभे होते. रूथबाई आतून फळ्यांच्या फटीतून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो."

भालेरावांनी हातातल्या कुलपाकडे पाहिलं. मग पाळकसाहेबांच्या पांढऱ्या बाहीकडे. त्यांनी कुलूप कोटाच्या खिशात टाकलं, खैरूनखालांच्या कडेवरची घागर घेतली, फाटक ढकलून आत गेले. रहाटाचा आवाज आला. भरलेली घागर त्यांनी भिंतीशी आणून ठेवली आणि सगळ्यांकडे पाठ करून मशिदीच्या दिशेला तोंड करून उभे राहिले.

"पुसा," ते म्हणाले. "मी काही पाह्यलं नाई. मी आलो तवा एक बाकीच होती."

जूनमध्ये माझी बदली झाली. निघताना पाळकसाहेब पुन्हा दवाखान्यात होते. भेट झाली नाही. त्यानंतर ते सात वर्षं जगले. मी पत्रं लिहिली, त्यांची उत्तरंही आली, वाकड्यातिकड्या ओळींची. पण जाणं झालं नाही. खरं सांगायचं तर माझाच पाय निघाला नाही.

त्यामुळे माझ्यासाठी ते त्या सकाळचेच राहिले आहेत. स्टुलावर चढायची ताकद नव्हती, म्हणून टाचा उंचावून उभे. गलका ऐकून आलेल्या उस्मानचाचांनी मागून त्यांच्या पाठीला हात लावलेला. रुमाल घागरीत बुडवायचा, पिळायचा, झावळीवरून फिरवायचा. माझा हिरवा रंग भिंतीवरून ओघळत त्यांच्या मनगटावर आला आणि धुतलेल्या बाहीत शिरला. त्यांनी ते पाहिलं, बाही उजेडात धरली, रंग कसा जमला आहे ते दोन क्षण निरखलं, आणि परत पुसायला लागले. त्यांच्या पाठीमागून बायका एकेक करून फाटकातून आत जात होत्या.